घर भाड्याने घ्यायच्या आधी आपला सिबिल आपण वाचायचा

गेले दोन आठवडे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाच विषयावर वादावादी चालू आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी फ्लॅट भाड्याने द्यायचाय असा मेसेज टाकला, टू बीएचके, सेमी फर्निश्ड, फॅमिलीला प्राधान्य, आणि सगळ्यात खाली एक ओळ, 'सिबिल ७५० च्या वर असेल त्यांनीच फोन करावा'. सिबिल म्हणजे क्रेडिट स्कोअर, आपण कर्ज कसं फेडलं त्यावरून ठरणारा आकडा, आणि तो ज्यात असतो तो क्रेडिट रिपोर्ट. झालं, ग्रुप पेटला. अर्धे लोक म्हणतायत घर त्यांचं, अट त्यांची, बँक मागते तेव्हा मुकाट्याने देताच की. उरलेले अर्धे म्हणतायत काका काय बँक आहेत का, आज सिबिल मागतायत उद्या पासबुक मागतील. मी सगळे मेसेज वाचले, दीडेकशे तरी असतील, आणि मला एका गोष्टीचं फार वाईट वाटलं. इतक्या तावातावाने बोलणाऱ्यांपैकी एकानेही असं लिहिलं नाही की मी माझा रिपोर्ट उघडून बघितलाय आणि त्यात अमुक अमुक दिसतं. ज्या कागदावरून भांडण चाललंय तो कागद कोणी वाचलेलाच नाहीये.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. भाड्याचं घर शोधायला निघायच्या दीड-दोन महिने आधी आपला क्रेडिट रिपोर्ट आपण काढून ओळ न ओळ वाचलाच पाहिजे, मग मालक मागो किंवा न मागो. आणि त्या रिपोर्टातला नुसता आकडा घेऊन मालकाने माणसाला पास-नापास करणं चूक आहे. लोकांना वाटतं या दोन्ही गोष्टी एकदम कशा म्हणता येतील, रिपोर्ट वाच म्हणणारी बाई म्हणजे काकांच्या बाजूची. मी कोणाच्याच बाजूची नाही. मी अकरा वर्षं पुण्यात भाड्याने राहते, आणि नाशिकला माझा एक वन बीएचके आहे तो मी भाड्याने दिलाय, म्हणजे भाडं वेळेवर आलं नाही तर काय होतं तेही मला माहितीये आणि डिपॉझिटचा चेक देताना पोटात काय होतं तेही माहितीये.

आपल्याकडे हा प्रश्न काही आजचा नाही. १२ मे १८७५ ला आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले, तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यातल्या गावागावात गेलं, त्यालाच आपण दक्खनचे दंगे म्हणतो. त्या लोकांना हवं काय होतं? माणसांना मारहाण फारशी झाली नाही, त्यांनी मागितले ते कर्जरोखे आणि वह्या, आणि हाताला लागले तिथे जाळून टाकले. कारण त्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिलंय हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, विचारलं तर सांगत कोणी नव्हतं, आणि त्याच वहीवर कोर्टात जमीन जात होती. पुढे १८७९ मधे सरकारने शेतकऱ्यांसाठी कायदा केला त्यात ज्या तरतुदी आल्या त्या बघा, पैसे भरले की पावती मिळाली पाहिजे, मागितला तर वर्षाचा हिशोब लिहून दिला पाहिजे, पासबुक दिलं पाहिजे. म्हणजे वही सावकाराकडे राहू दे, पण ज्याच्या नावाने लिहिली त्याला ती दिसली पाहिजे. एवढी साधी गोष्ट मिळवायला चार वर्षं आणि एक दंगा लागला. आज तीच वही आपल्याला फुकट उघडून दिलेली आहे आणि आपण ती उघडत नाही, याला काय म्हणायचं?

फुकट म्हणजे खरंच फुकट. आपल्या देशात चार क्रेडिट ब्युरो, म्हणजे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेने २०१६ च्या सप्टेंबरमधे यांना सांगितलं की प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट विनाशुल्क द्यायचा, जानेवारी २०१७ पासून ते लागू झालं, म्हणजे चार ब्युरोंचे मिळून वर्षाला चार रिपोर्ट तुमच्या हक्काचे आहेत. ग्रुपवर एक ताई म्हणाल्या की सारखं बघितलं की स्कोअर पडतो म्हणून मी बघतच नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की मला तो ऐकून आता हताश व्हायला होतं. तुम्ही कर्जाला अर्ज केल्यावर बँक तुमचा रिपोर्ट काढते त्याचा परिणाम होऊ शकतो, तुम्ही स्वतः तुमचा बघितलात तर काही होत नाही, दहा वेळा बघा. या एका चुकीच्या समजुतीपायी लोक आपल्याच नावावरची वही वर्षानुवर्षं बंद ठेवून बसलेत.

आता मी हे इतक्या पोटतिडकीने का सांगतेय ते सांगते. माझा भाचा, बहिणीचा मुलगा, वाकडला रूम पार्टनरबरोबर राहत होता, लग्न ठरलं म्हणून गेल्या वर्षी स्वतंत्र फ्लॅट बघायला लागला. एक फ्लॅट दोघांनाही आवडला, भाडं बसत होतं, मालक बोलायला चांगले होते, टोकन द्यायच्या दिवशी एजंट म्हणाला सिबिल तेवढा पाठवून द्या, फॉर्मॅलिटी आहे. याने आयुष्यात पहिल्यांदा काढला. ६८१. मालकांना ७५० हवा होता. मला रात्री फोन, मावशी मी एक हप्ता चुकवलेला नाही गं, बाईकचं लोन वेळेच्या आधी फेडलंय, हे कुठून आलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला आणि आम्ही दोघं डायनिंग टेबलवर तो रिपोर्ट घेऊन बसलो.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी सांगते तो दिसतो कसा. वर नाव, जन्मतारीख, पॅन, मग तुम्ही आजवर बँकांना दिलेले सगळे पत्ते आणि फोन नंबर, मग एकेक खातं. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे छोटे छोटे चौकोन असतात, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे, आणि प्रत्येक चौकोनात तीन आकडे. ००० असेल तर त्या महिन्यात काही थकलेलं नाही. ०३० असेल तर हप्ता तीस दिवस मागे. भाच्याच्या बाईकच्या लोनखाली शून्यांची माळ होती, बघूनच बरं वाटलं. मग खाली एक क्रेडिट कार्ड आलं जे त्याने पहिल्या नोकरीत असताना घेतलं होतं आणि नंतर बंद केलं होतं. त्याच्याखाली ०००, ०००, ०००, मग अचानक ०३०, ०६०, ०९०, आणि पुढे वाढतच गेलेलं. कार्ड बंद केल्यावरसुद्धा वर्षाची फी ५८९ रुपये लागली होती, ती भरली नाही म्हणून दंड, दंडावर व्याज, असं करत साडेचार हजारांवर गेलं होतं, आणि बिलं जात होती ती त्याच्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवर जो केव्हाच बंद झाला होता. कार्ड बंद केल्याचा बँकेचा मेल त्याच्या स्वतःच्या इनबॉक्समधे होता, शोधायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. चूक बँकेची होती, ते लिहून सिद्ध करता येत होतं, पण मालक थांबणार कशाला? त्यांच्याकडे अजून तीन पार्ट्या होत्या.

म्हणून मी 'आधी' या शब्दावर इतका जोर देतेय. तक्रार टाकली की बँकेने आणि ब्युरोने मिळून ती ३० दिवसांत सोडवायची असा नियम आहे, २०२४ च्या एप्रिलपासून त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला द्यायची असंही आलंय. शिवाय बँकांकडून ब्युरोंना पूर्वी महिन्याला एकदा माहिती जायची, ती जानेवारी २०२५ पासून दर पंधरा दिवसांनी पाठवायची सक्ती झाली. हे सगळं चांगलंच आहे. पण पुण्यात चांगला फ्लॅट ३० दिवस थांबतो का हो? एप्रिल-मे मधे तर सकाळी टाकलेला संध्याकाळी जातो. जे लोक प्रायव्हसीच्या नावाखाली 'मी का बघू माझा सिबिल' म्हणतायत त्यांना माझा प्रश्न आहे, दुसऱ्याला दाखवायचा नाही हे मान्य, पण स्वतःपासून लपवून तुम्ही कोणाची प्रायव्हसी जपताय? उलट न दाखवायचा निर्णय सुद्धा त्यालाच घेता येतो ज्याला आत काय आहे ते माहितीये. बाकीच्यांचं नुसतं घाबरणं असतं.

आता मालकांच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं घेते, कारण ते ग्रुपवर नीट कोणी मांडलंच नाही. महाराष्ट्रातला घरमालक भाडेकरूला घाबरतो याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली आणि ती तिथेच राहिली, इमारत पडायला आली तरी दुरुस्तीला भाड्यातून पैसा निघेना, शेवटी १९९७ मधे सुप्रीम कोर्टाला म्हणावं लागलं की हे आता अन्यायकारक झालंय. त्याहून मोठा धक्का १९७३ चा. ज्यांनी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे तात्पुरती म्हणून, जागा दिली होती त्यांचे लायसन्सी कायद्यातल्या दुरुस्तीमुळे १ फेब्रुवारी १९७३ या तारखेला जे जागेत होते ते सरळ भाडेकरू ठरले, संरक्षणासकट. ज्या घरात हे झालं त्या घरात नातवंडांपर्यंत ती गोष्ट सांगितली जाते. कुलूप लावून ठेवीन पण भाड्याने देणार नाही म्हणणारे आजोबा आपण सगळ्यांनी बघितलेत, ते काही वेडे नव्हते. आणि आजचा मालक बऱ्याचदा श्रीमंत पण नसतो. माझंच बघा, नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो, भाडं १ तारखेला आलं तर ठीक, नाहीतर माझ्या पगाराला खड्डा, आणि तो हप्ता बाउन्स झाला तर ०३० माझ्या रिपोर्टात पडणार, भाडेकरूच्या नाही. त्यामुळे मालकाने चौकशी करूच नये असं मी कधीच म्हणणार नाही.

दुसरं म्हणणं याहूनही वजनदार आहे आणि ते मला खरंच विचारात पाडून गेलं. ग्रुपवरच्या एका मुलाने लिहिलं, आकडा तरी आडनाव विचारत नाही. तो मुलगा गेल्या पाच वर्षांत चार वेळा घर बदललाय, आणि त्याला प्रत्येक वेळी आधी आडनाव विचारलंय, मग 'नॉनव्हेज खाता का', मग 'बॅचलर असाल तर सोसायटी परवानगी देत नाही'. घटस्फोटित बाईला काय काय विचारतात ते तर लिहिवत नाही. त्याचं म्हणणं, यापेक्षा ७५० बरा, ७५० ला जात नाही धर्म नाही, मी मेहनत करून तो मिळवू शकतो, आडनाव बदलू शकत नाही. मला हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. कारण तो खरं बोलत होता.

पण मग मी काकांचा मेसेज परत वाचला. फॅमिलीला प्राधान्य तिथे होतंच. ७५० ची अट त्याच्या जागी आलेली नव्हती, त्याच्या खाली आलेली होती. आडनाव विचारणारा मालक सिबिल मागायला लागला म्हणून आडनाव विचारायचा थांबत नाही, त्याला नाही म्हणायला अजून एक सभ्य कारण मिळतं एवढंच. आणि आकडा स्वच्छ असतो हेही खरं नाही. अमेरिकेत भाडेकरूला स्कोअर लावायची पद्धत आपल्या कितीतरी आधीपासून आहे, तिथे मॅसॅच्युसेट्समधे सेफरेंट नावाच्या कंपनीवर भाडेकरूंनी दावा लावला होता की त्यांचा स्कोअर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांना, त्यातून सरकारी भाडे-मदत मिळणाऱ्यांना, कारण नसताना खाली ढकलतो. दावा लावणाऱ्या बाईंकडे वर्षानुवर्षं भाडं वेळेवर भरल्याचा आधीच्या मालकाचा दाखला होता, तरी स्कोअरवर नकार मिळाला. कंपनीने चूक मान्य केली नाही पण २०२४ मधे सुमारे २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि अशा मदत घेणाऱ्यांना पाच वर्षं तो स्कोअर लावणार नाही असं कबूल केलं. आकड्याला जात नसते, पण आकडा ज्यातून बनतो त्या आयुष्याला असते. कोणाला पगाराची नोकरी मिळाली, कोणाच्या वडिलांनी पहिलं कार्ड काढून दिलं, कोणाला बँकेने दारातूनच परत पाठवलं म्हणून तो फायनान्सवाल्याकडे गेला, हे सगळं त्या तीन आकड्यांत मुरलेलं असतं.

आणि मुळात तो आकडा मोजतो काय? ३०० ते ९०० च्या मधला हा आकडा सांगतो की या माणसाने बँकांची आणि फायनान्स कंपन्यांची उधारी कशी फेडली. भाडं त्यात येत नाही. लाईट बिल येत नाही. मी अकरा वर्षांत एकदाही भाडं ३ तारखेच्या पुढे जाऊ दिलेलं नाही, माझ्या रिपोर्टात त्याबद्दल एक शब्द नाहीये. माझी एक मावसबहीण आहे, नवरा गेल्यावर ५२ व्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घर भाड्याने शोधायला लागली. घराचं लोन, गाडीचं लोन, सगळं भाऊजींच्या नावावर होतं, फेडायचे पैसे मात्र दर महिन्याला डब्याच्या धंद्यातून तीच काढून ठेवायची. तिचा सिबिल काढला तर स्कोअरच नाही. चांगलाही नाही वाईटही नाही, काही नाहीच. काकांच्या ओळीप्रमाणे तिने फोनसुद्धा करायचा नाही. याउलट माझ्या ऑफिसमधल्या एकाचा ७९० आहे आणि पगाराच्या साठ टक्क्यांच्या आसपास हप्त्यात जातात, तो भाडं भरेल की नाही हे ७९० सांगू शकत नाही, उलट पुढच्या वर्षी नोकरी गेली तर तो आधी हप्ता भरेल आणि भाडं थकवेल, कारण हप्ता थकला की आकडा पडतो आणि भाडं थकलं की काहीच पडत नाही. लॉकडाऊनमधे पगार अर्धा झाला म्हणून ज्याने कार्डाची सेटलमेंट केली, म्हणजे बँकेशी बोलून थकबाकीपेक्षा कमी रकमेत खातं मिटवलं, त्याच्या रिपोर्टात तो 'सेटल्ड' शब्द अजून दिसत असेल, पण आज त्याच्या डोक्यावर एक रुपया कर्ज नाही. दोघांतला बरा भाडेकरू कोण? हे आकड्याला विचारून कळणार नाही, माणसाला विचारावं लागेल.

जर्मनीतली एक गोष्ट मला या बाबतीत फार आवडते. तिथे शुफा म्हणून संस्था आहे, घर भाड्याने मागायला गेलं की शुफाचा दाखला देणं तिथे नेहमीचं आहे. ती सुरू झाली १९२७ मधे बर्लिनला, आणि सुरू झाली कशावरून तर वीज कंपनीवरून. ती कंपनी लोकांना विजेची उपकरणं हप्त्यावर द्यायची आणि कोण बिल वेळेवर भरतं हे तिच्याकडे आधीच लिहिलेलं होतं. म्हणजे त्या पद्धतीची सुरुवात झाली ती घर चालवताना माणूस कसा वागतो यावरून. आपला आकडा ती पायरी गाळूनच सुरू झाला. आणि एवढी जुनी पद्धत असूनही ७ डिसेंबर २०२३ ला युरोपियन युनियनच्या न्यायालयाने सांगितलं की समोरचा माणूस जर मुख्यतः त्या स्कोअरवरच हो-नाही ठरवत असेल तर तो स्कोअर म्हणजे यंत्राने घेतलेला निर्णय धरला जाईल, आणि यंत्राने परस्पर असा निर्णय घेण्यावर तिथल्या कायद्यात बंधनं आहेत. जवळजवळ शंभर वर्षं वापरून त्यांना जे कळलं ते आपण पहिल्या पाच वर्षांत समजून घ्यायला काय हरकत आहे?

अमेरिकेचं उदाहरण ग्रुपवर काकांच्या बाजूनेच दिलं गेलं, 'न्यू जर्सीला माझ्या मुलाला क्रेडिट दाखवल्याशिवाय अपार्टमेंट मिळालं नाही, तिथे कोणी आरडाओरडा करत नाही'. बरोबर आहे, मिळत नाही. इथे दहा वर्षं एकही हप्ता न चुकवलेला मुलगा तिथे उतरला की त्याच्या नावापुढे कोरं पान असतं, ऑफर लेटर दाखव, जास्तीचं डिपॉझिट दे, कोणीतरी जामीन आण, असं करत पहिलं घर मिळतं. पण त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही. तिथे पूर्वी अशा कंपन्या लोकांच्या खाजगी आयुष्यातल्या ऐकीव गोष्टीसुद्धा फाइलला लावायच्या आणि ज्याची फाइल त्यालाच दाखवायच्या नाहीत, त्यावर बोंब झाली तेव्हा १९७० मधे कायदा आला. त्या कायद्याप्रमाणे मालकाने रिपोर्टवरून नकार दिला, किंवा त्यावरून डिपॉझिट वाढवून मागितलं, तरी त्याला ते सांगावं लागतं, कोणत्या ब्युरोचा रिपोर्ट होता ते सांगावं लागतं, आणि तुम्ही ६० दिवसांत मागितलात तर तो रिपोर्ट तुम्हाला फुकट मिळतो. आपल्याकडे काय होतं? एजंटचा मेसेज येतो, 'सॉरी सर, दुसरी पार्टी फायनल झाली'. कशामुळे ते कधीच कळत नाही. तिकडची अट आणायची आणि त्या अटीबरोबरची जबाबदारी तिकडेच ठेवायची, हे कसं चालेल? जोपर्यंत इथे नकाराचं कारण सांगायची सक्ती नाही तोपर्यंत आपण आधी वाचून ठेवणं हाच एक बचाव आपल्या हातात आहे, म्हणून मी भाडेकरूंच्या मागे लागलेय.

अजून एक गोष्ट, आणि ही मालक-भाडेकरू दोघांनी कान देऊन ऐका. तो पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. माझ्या भाच्याने पाठवला होता, एजंटला, ज्याचं आडनावसुद्धा त्याला माहीत नव्हतं. त्यात पॅन आहे, जन्मतारीख आहे, जुने-नवे पत्ते, फोन नंबर, कोणत्या बँकेत काय कर्ज आणि किती बाकी, सगळं आहे. तेवढ्यावर तुमच्या नावाने काय काय होऊ शकतं याचा विचार करा. मालक स्वतः परस्पर तुमचा रिपोर्ट काढू शकत नाही, २००५ च्या कायद्याने तो बघायचा हक्क ठराविक संस्थांना आणि तुम्हाला स्वतःला आहे, तो निघतो तुमच्या ओटीपीने, म्हणजे चावी तुमच्याकडेच आहे. कोणाला खरंच दाखवायचाच असेल तर समोर बसून आपल्या फोनवर दाखवावा, जे विचारतील ते सांगावं, आणि फोन परत खिशात ठेवावा.

मग मालकाने करायचं काय? त्याला जे हवंय ते दुसरीकडे आहे. मागच्या मालकाचा नंबर मागा आणि फोन करा. मागच्या वर्षभरात भाडं ज्या तारखेला गेलं त्या बँकेच्या नोंदी बघा, बाकीचं स्टेटमेंट झाकून का होईना. पगार आणि चालू हप्ते तोंडी विचारा, माणूस सांगतो. करार रजिस्टर करा, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाचीच आहे, न केल्यास दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि लेखी, रजिस्टर केलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट भाडं लागतं. १९७३ चं भूत घालवायला हा कायदा केलाय, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे, आणि सिबिल मागणारे कितीतरी मालक अजून स्टॅम्प पेपरवर सही करून मोकळे होतात. मला हे दिसतं तेव्हा वाटतं की त्यांची भीती खरी आहे पण ते औषध चुकीच्या बाटलीतलं घेतायत.

भाच्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तक्रार आम्ही त्याच रविवारी टाकली, कार्ड बंद केल्याचा मेल जोडून. वाकडचा फ्लॅट चौथ्या दिवशी गेला. दुरुस्ती २६ व्या दिवशी झाली, ते ०३०, ०६०, ०९० चे चौकोन साफ झाले, स्कोअर पुढच्या वेळी ७६२ दिसला. तोवर त्यांनी रावेतला एक घर घेतलं होतं, भाडं तेवढंच, त्याच्या बायकोला ऑफिस मात्र लांब पडतं, रोजचा पाऊण तास जास्त. रावेतच्या मालकीणबाईंनी सिबिल विचारला नाही. त्यांनी त्याच्या आधीच्या मालकांचा नंबर घेतला, त्याच्यासमोरच फोन लावला, सात-आठ मिनिटं बोलल्या, भाडं कितीला यायचं, घर कसं ठेवलं, सोडताना किल्ल्या कधी दिल्या, आणि फोन ठेवून म्हणाल्या, कधी येताय राहायला.